खिडकीबाहेरचा घाट

आमच्या मोताळ्याला आगगाडी येत नाही. गाडी पकडायची तर पंचवीसेक किलोमीटरवरच्या मलकापूरला जावे लागते. डोंगर चढायचा तर उलट्या दिशेने राजूरचा घाट ओलांडून बुलढाण्याकडे निघावे लागते. रूळ एका अंगाला, डोंगर दुसऱ्या अंगाला आणि मधे आम्ही, अशी आमची तऱ्हा आहे. त्यामुळे डोंगरातून जाणारी गाडी म्हटले की इथल्या माणसाला अजूनही थोडे अप्रूप वाटते.

मध्यंतरी शेजारचे नवे जोडपे स्वित्झर्लंडला जाऊन आले. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून दोघांनी मोबाईलमधले फोटो दाखवले. सकाळी दात्यांच्या रुळावरून चढणारी गाडी, वर हिरव्या कुरणांतून केलेली पायपीट, दुपारी दुसऱ्या गाडीने उतरणे आणि मागे सगळीकडे आल्प्सची बर्फाळ शिखरे. "काका, एका दिवसात तीन गाड्या आणि दहा किलोमीटर चालणं!" मुलगा उत्साहाने सांगत होता. सौ.ने सगळे फोटो मन लावून पाहिले आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, आपला बी असा एक दिवस झालाच होता की!"

खरेच झाला होता. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही दोघे माथेरानला गेलो होतो. त्या दिवशी तिने मला एक प्रश्न विचारला होता. इयत्ता आठवी ते दहावीला इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली, पण त्या प्रश्नाचे उत्तर मला गाडीत नीट देता आले नव्हते. ते देण्याचा प्रयत्न आज करतो.

रात्री मलकापूरला गाडीत बसलो आणि पहाटे इगतपुरीला जाग आली. बाहेर गारठा होता. चहा घेईपर्यंत गाडी हलली आणि घाट सुरू झाला. हा थळ घाट. बहुतेक लोक याला कसारा घाट म्हणतात. आपल्या वऱ्हाडातून मुंबईला जाणारी गाडी याच घाटाने सह्याद्री उतरते, पण एरवी आपण इथे झोपेत असतो. त्या दिवशी उजाडत होते. बोगदा येई, डब्यात अंधार होई, आणि पुन्हा उजेड आला की खाली खोल दरी आणि समोर काळ्या कातळाचा तासलेला कडा दिसे.

सौ.चे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांची सारी नोकरी मलकापूर-नांदुऱ्याकडच्या सपाट मुलखात गेली. पावसाळी रात्री हातबत्ती घेऊन रुळांच्या कडेने मैलोन्‌मैल चालत गस्त घालायची, कुठे खडी सरकली, कुठे रुळाखालची माती वाहून गेली ते पाहायचे, हे त्यांचे काम. त्यामुळे तिची नजर दरीकडे कमी आणि रुळाच्या कडेला जास्त होती. बराच वेळ कड्याकडे पाहून ती म्हणाली, "अहो, हे डोंगर फोडले तरी कोनं असतीन?"

पुस्तकी उत्तर मला पाठ होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे म्हणजे जीआयपी कंपनी, मुख्य अभियंता जेम्स बर्कले, थळ घाट वाहतुकीस खुला १ जानेवारी १८६५. मी ते सांगितले. ती म्हणाली, "ते साहेबाचं झालं हो. फोडले कोनं?"

आधी हे रूळ इथे आलेच का, ते पाहू. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने १८५३ मध्ये हिंदुस्थानातल्या रेल्वेविषयी एक सविस्तर टिपण लिहिले. त्यात दोन गरजा स्पष्ट होत्या. फौज लवकर हलवता यावी आणि इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा कापूस लवकर बंदरावर पोहोचावा. तोवर आपल्या वऱ्हाडचा कापूस बैलांच्या तांड्यांवर आणि गाड्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास करी. वाटेत धुळीने माखे, पावसात भिजे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस अडला आणि खामगावच्या बाजाराला सोन्याचे दिवस आले. त्याच दशकात रूळ भुसावळहून मलकापूर, शेगाव, अकोला असे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचले. जलंब ते खामगाव हा छोटा फाटा १८७० मध्ये झाला, तोही कापसासाठीच. आज आपण घाटातली जी शोभा खिडकीतून पाहतो तिची वाट आपल्याच शेतातल्या कापसाने पाडली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. सहलीची कल्पना त्या नकाशात कुठेच नव्हती.

कल्याणला उतरून आम्ही कर्जत लोकल पकडली. कल्याणजवळ मध्य रेल्वेचे दोन हात होतात. एक कसारा-इगतपुरीकडे, म्हणजे आम्ही आलो तो. दुसरा कर्जतवरून खंडाळा-पुण्याकडे. या दुसऱ्या वाटेवर बोर घाट आहे. आम्हाला कर्जतच्या अलीकडे नेरळला उतरायचे होते, पण सौ.च्या प्रश्नाचे उत्तर खरे तर पुढच्या त्या घाटात आहे.

बोर घाट ही फार जुनी वाट. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात तिथे गाडीरस्ता झाला. या घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. शिंगरोबा हा धनगर. इंग्रजांना घाटाची सोपी वाट सापडेना, ती गुरे चारणाऱ्या शिंगरोबाने दाखवली, आणि बक्षीस म्हणून 'आमचा मुलूख आम्हाला परत द्या' असे मागितल्यावर त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. तिला कागदाचा पुरावा मागू नये. घाटातून जाणारे वाहनचालक आजही तिथे नाणे टाकतात. वाट कोणी दाखवली याची लोकांनी आपल्यापुरती ठेवलेली ही नोंद आहे.

रेल्वे मुंबईहून कल्याण, नेरळ, कर्जत करीत १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याला खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधे उरला फक्त घाट. पाच वर्षे प्रवाशांनी खोपोलीला उतरून पालखी, तट्टू किंवा पायी डोंगर चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे, असा प्रकार चालला.

घाट चढवणे सोपे नव्हते. गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावरून धावते. सपाटीवर हे फार सोयीचे असते, पण चढावर तेच चाक घसरू लागते. म्हणून चढ हळूहळू द्यावा लागतो. बोर घाटात जास्तीत जास्त चढ सदतिसाला एक ठेवला, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. एवढ्या बेताने साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गाठायची तर मार्ग सुमारे पंचवीस किलोमीटर लांब झाला आणि त्यात पंचवीस बोगदे आले. एका ठिकाणी तर कड्यामुळे वळायलाही जागा उरली नाही. तिथे गाडी डोंगराच्या टोकाशी नेऊन थांबवत, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत आणि मग उलट्या दिशेने पुढे चढवत. हे 'रिव्हर्सिंग स्टेशन' १९२९ मध्ये नवा मार्ग होईपर्यंत वापरात होते.

काम १८५६ च्या सुरुवातीला सुरू झाले. ठेकेदार होता विल्यम फॅविएल. यानेच बोरीबंदर ते ठाणे ही पहिली लाइन बांधली होती. हजारो मजूर आले, बायकामुलांसकट आले. पुरुष सुरुंगाची भोके पाडत, बायका आणि पोरे टोपल्यांनी दगडमाती वाहत. उभ्या कड्यात पाय ठेवायला जागा नसे, तिथे माणसे दोराने वरून खाली सोडत आणि ती अधांतरी लोंबकळत पहारीने भोके पाडीत. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद पडे आणि सारा भार कोरड्या आठ महिन्यांवर येई. १८६१ मध्ये घाटात एका वेळी कामावर असलेल्यांची संख्या ४२ हजारांच्या घरात गेली होती.

ही सारी वस्ती पालांत आणि झोपड्यांत. पाणी मिळेल ते. त्यात कॉलरा आला. पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि दरडींनी या घाटात हजारो माणसे गेली. त्यांची नावानिशी यादी कोणी ठेवली नाही. बोगद्यांचे क्रमांक कागदावर आहेत, पुलांच्या कमानींची मापे आहेत, पण ही यादी नाही.

मजूर मुकाट्याने सोसत राहिले असे मात्र नाही. मजुरी महिनोन्‌महिने थकली तेव्हा जानेवारी १८५९ मध्ये घाटात मोठा उठाव झाला. मजुरांनी गोऱ्या मुकादमांवर हल्ला केला, त्यात एका युरोपियनाचा जीव गेला. चौकशीत ठेकेदारीची उतरंड उघड झाली. वरच्याने खालच्याला, खालच्याने त्याच्या खालच्याला काम द्यायचे आणि पैसे मधेच अडायचे. सरकारने १८६० मध्ये मजुरीच्या तंट्यांसाठी कायदा केला. मॅजिस्ट्रेटला थकलेली मजुरी देववण्याचा अधिकार मिळाला आणि त्याच कायद्याने करार मोडून निघून जाणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही झाली. म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने बांधले.

फॅविएलने १८५९ मध्येच काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार इंग्लंडहून आला, सोबत पत्नी ॲलिस. येऊन काही आठवडे होतात न होतात तोच वर्षअखेरीस ट्रेडवेल आजारी पडून वारला. परका देश, हाती अर्धवट घाट आणि भोवती साथ. कुणालाही वाटेल की आता ही बाई पहिल्या बोटीने परत जाईल. ॲलिसने ठेका सोडला नाही. ॲडम्सन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांना व्यवस्थापक नेमून तिने काम पुढे नेले आणि नवऱ्याने घेतलेला शब्द पुरा केला. बर्कलेला मात्र पुरा झालेला घाट पाहायला मिळाला नाही. तो १८६२ मध्ये गेला. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि मेमध्ये गाड्या सुरू झाल्या.

१८६३ हे साल लक्षात ठेवा. कारण त्याच वर्षी जून महिन्याच्या अखेरीस लंडनहून थॉमस कुक नावाच्या गृहस्थाने एक मंडळी स्वित्झर्लंडला नेली. कुक यांच्या देखरेखीखालची ती तिकडची पहिली सहल. तिच्यात जेमायमा मॉरेल नावाची यॉर्कशायरची एक तरुणी होती. तिने रोजनिशी लिहिली. पायघोळ झगे सावरत ही मंडळी खेचरांवरून आणि पायी हिमनद्यांपर्यंत गेली. रिगी नावाच्या डोंगरावर सूर्योदय पाहण्यासाठी ती चालत चढली, कारण रिगीवर दात्यांच्या रुळाची रेल्वे यायला अजून आठ वर्षे अवकाश होता. जेमायमाची रोजनिशी बरीच वर्षे हरवली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या पडझडीत ती सापडली आणि १९६३ मध्ये, सहलीला बरोबर शंभर वर्षे झाल्यावर, छापली गेली.

म्हणजे बघा, एकाच वर्षी इकडे मजुरांच्या डोक्यावरून खडी वाहून एक घाट पुरा झाला आणि तिकडे डोंगर हौसेने चढायचा असतो ही कल्पना मध्यमवर्गाच्या घरात शिरली. आज आपण या दोन्ही गोष्टींना जोडून 'सहल' म्हणतो.

मग आल्प्समधल्या त्या सुंदर गाड्या कोणाच्याही कष्टावाचून वर गेल्या का? शेजारच्या मुलाचे फोटो पाहताना मला हेच आठवत होते. आल्प्स ओलांडणारी पहिली मोठी रेल्वे ऑस्ट्रियातली सेमरिंगची, १८४८ ते १८५४ या काळात बांधलेली. कार्ल फॉन गेगा तिचा अभियंता. बर्कलेच्या घाटाची तुलना त्या काळी हिच्याशीच होई. तिथेही वीस हजारांच्या आसपास मजूर राबले आणि तिथेही साथींनी माणसे नेली. स्वित्झर्लंडमधला पंधरा किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा १८७२ ते १८८२ या दहा वर्षांत खोदला. मजूर बहुतेक इटलीतले. आत धूर, उकाडा आणि गुडघाभर पाणी. १८७५ मध्ये त्यांनी संप केला तेव्हा गोळीबार झाला आणि चार जण मेले. बोगदा पुरा होईपर्यंत दोनशेच्या आसपास बळी गेले. ठेकेदार लुई फाव्र हा १८७९ मध्ये बोगद्याच्या आतच कोसळून मरण पावला. वाचताना आपला बोर घाटच वाचतो आहोत असे वाटते.

आपल्या हिंदी सिनेमाने घरोघर पोहोचवलेली युंगफ्राऊची रेल्वे घ्या. आडोल्फ गायर-त्सेलर या उद्योगपतीला १८९३ मध्ये मुलीबरोबर डोंगरात फिरताना तिची कल्पना सुचली, म्हणजे कल्पनेचा जन्म पायपिटीतच झाला. काम १८९६ मध्ये सुरू झाले. तो स्वतः १८९९ मध्ये गेला आणि गाडी ३,४५४ मीटर उंचीवर पोहोचली ती १ ऑगस्ट १९१२ रोजी. मार्ग नऊ किलोमीटरचा, त्यातला सात किलोमीटरहून अधिक बोगदा, सोळा वर्षांचे काम आणि तीसच्या आसपास मजुरांचे प्राण. पुढे यश चोप्रांच्या चित्रपटांनी आपल्या लोकांना स्वित्झर्लंडचे इतके वेड लावले की २०१६ मध्ये इंटरलाकेनला त्यांचा पुतळा उभारला गेला. त्या मजुरांत आणि आमच्या घाटातल्या मजुरांत काही फरक असेल तर तो चेहऱ्याच्या रंगाचा. पोटासाठी दुसऱ्याचा डोंगर फोडायला दोघेही घरापासून लांब आले होते.

आता पुन्हा नेरळच्या फलाटावर येऊ. कारण इथून जी गाडी निघते ती मात्र कापसासाठी किंवा फौजेसाठी बांधलेली नाही. ती केवळ डोंगरावर हवा खायला जाणाऱ्यांसाठी आहे. आपल्या सह्याद्रीतली आल्प्सच्या जातीची गाडी म्हणायची तर हीच.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावाहून हा डोंगर चढला आणि त्याने माथेरानचा 'शोध' लावला, असे पुस्तकात असते. मीही तसेच शिकवले. वास्तविक धनगर, ठाकर आणि कातकरी त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. त्यांना आपले रान हरवलेच नव्हते. मॅलेटनंतर गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने लक्ष घातले, बंगले उठले आणि मुंबईची धनिक मंडळी उन्हाळ्यात येऊ लागली. नेरळपर्यंत आगगाडी आणि पुढे घोडा, पालखी किंवा माणसाने ओढलेली गाडी.

इथे रेल्वे आणली सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्याने. सरकारने नव्हे, इंग्रज कंपनीनेही नव्हे. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम हाती घेतले, सोळा लाख रुपये खर्च झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा अभियंता सल्लागार होता. दोन फुटी रूळ, वीस-एकवीस किलोमीटर अंतर आणि चढ विसाला एक, म्हणजे बोर घाटाच्या जवळजवळ दुप्पट.

स्वित्झर्लंडमध्ये असा चढ आला की दोन रुळांच्या मधे तिसरा दात्यांचा रूळ टाकतात. इंजिनाखालचे दातेरी चाक त्यात अडकते आणि गाडी शिडी चढल्यासारखी वर जाते. रिगीवर असा चढ चाराला एक इतका आहे. माथेरानला दाते नाहीत. इथे युक्ती वळणांची आहे. दोनशेहून अधिक वळणे घेत गाडी डोंगराला वेढे घालत चढते. इतक्या आखूड वळणावर साधे इंजिन अडले असते. म्हणून जर्मनीहून खास इंजिने आणली, त्यांच्या टोकाच्या चाकांना वळणाप्रमाणे थोडे फिरण्याची मुभा होती. आता ती वाफेची इंजिने जाऊन डिझेलची आली आहेत. रूळ आणि वळणे तीच.

आम्ही बसलो तो डबा बाहुलीच्या घरासारखा. गुडघे समोरच्याच्या गुडघ्याला लागत. जुम्मापट्टी गेले, वॉटरपाइप गेले. गाडी इतकी सावकाश की बाजूच्या वाटेने चालणारी पोरे मधेच पुढे निघून जात. वाटेत एकच बोगदा आहे आणि तो इतका आखूड की इंग्रजांनी त्याला 'वन किस टनेल' नाव दिले. डब्यातल्या तरुण जोडप्यांनी एकच गिल्ला केला. सौ.ने पदर सारखा करीत विचारले, "कायले ओरडून राह्यले हे?" मी अर्थ सांगितला. ती खिडकीबाहेर पाहू लागली. पण हसत होती, ते मी पाहिले.

एका वळणावर तिने मला कोपराने ढोसले. रुळाच्या कडेला तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली नवी भिंत होती आणि तिथे चार-पाच माणसे खोरी बाजूला ठेवून, गाडीला वाट देऊन उभी होती. हा मार्ग दर पावसाळ्यात डोंगराशी भांडतो. २६ जुलै २००५ च्या पावसात तो ठिकठिकाणी वाहून गेला आणि मार्च २००७ मध्ये, शंभरी भरता भरता, पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे बंद पडला. २०१९ च्या पावसात पुन्हा उखडला आणि नेरळपासून पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडावा लागला. म्हणजे पीरभॉयनी एकदा बांधलेली ही गाडी त्यानंतर पुन्हा पुन्हा बांधली गेली आहे. त्या माणसांपैकी एकाने डब्याकडे पाहून हात हलवला. सौ.ने दोन्ही हात जोडले. "बाबा असेच उभे राहत," एवढेच ती म्हणाली.

माथेरानमध्ये मोटारी चालत नाहीत. दस्तुरीला वाहने थांबतात आणि पुढे आपले पाय. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला, पण चालण्याची शिस्त त्याआधीपासूनची. आम्ही दशम्या सोडून खाल्ल्या आणि लाल मातीच्या वाटेने पॅनोरमा पॉइंटकडे निघालो. झाडी इतकी दाट की भर दुपारी सावली. टोकाला पोहोचल्यावर झाडी संपली आणि एकदम सारा मुलूख पायाखाली आला. खाली नेरळ, त्याच्या पलीकडे शेते आणि डोंगराच्या कुशीतून नागमोडी आलेली आमच्याच गाडीची बारीक वाट. आम्ही दोघे बराच वेळ काही न बोलता बसलो. लग्नाला अडतीस वर्षे झाली होती. केवळ पाहण्यासाठी म्हणून दोघांनीच कुठे जाऊन बसण्याची ती बहुधा पहिली वेळ.

परतताना चढावर एक हातरिक्षा दिसली. आत एक वयस्क बाई बसल्या होत्या. एक माणूस पुढून ओढत होता, दोघे मागून ढकलत होते. लाल धुळीत त्यांचे पाय पोटरीपर्यंत माखले होते. सौ.चे गुडघे दुखत होते, हे मला ठाऊक होते. मी विचारले, "रिक्षा करू का?" ती म्हणाली, "नाही. हळूहळू चालू." आणि मग थोड्या वेळाने, "पण आपण नाही बसलो तर त्यायचं पोट कसं भरन?"

या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते पुढे सर्वोच्च न्यायालयाने काढले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, असे सांगतानाच याच ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात आणि त्यांचे पोट सुरक्षित राहावे, अशी सूचनाही केली. पंचाहत्तर वर्षांच्या प्रजासत्ताकात हे सांगावे लागले याची खंत आहे. पण १८६० च्या कायद्याने मजुराला एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने बांधले होते. इथे निदान ओझे उतरवताना भाकरीचाही विचार झाला. डोंगराच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात एवढा फरक पडला, तो कमी नाही.

रात्री कल्याणहून परतीची गाडी धरली. कसाऱ्याला गाडी थांबली. घाट चढवायला मागे जादा इंजिने जोडली जात होती. डब्याला हलकासा धक्का बसला, मग मागून लोटल्यासारखी गाडी वर सरकू लागली. पुढचे इंजिन साऱ्यांना दिसते, मागचे दिसत नाही आणि वर पोहोचल्यावर ते निमूटपणे सुटून मागे राहते. सौ. खिडकीशी बसली होती. अंधारात काहीच दिसत नव्हते, तरी ती पाहत होती. मधेच रुळाच्या कडेला एक बत्ती हलली आणि मागे पडली. "गस्तीवाला," ती म्हणाली आणि मग शाल ओढून झोपली.

शेजारच्या त्या मुलाला मी हे सारे सांगितले नाही. त्याच्या आनंदावर विरजण घालण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. आल्प्स पाहावा, माथेरान पाहावे, जमल्यास जोडीने पाहावे. डोंगरावर जाऊन दोन घटका निवांत बसणे ही आता सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट झाली, याचा आनंदच आहे. एकोणिसाव्या शतकात ती साहेबाची आणि शेठजीची मिरास होती. आज गँगमनची मुलगी खिडकीशी बसून घाट पाहते.

फक्त घाट आला की एकदा दरीवरून नजर काढून रुळाच्या कडेच्या कातळाकडेही पाहावे. त्यावर पहारीचे जुने वार अजून कुठेकुठे दिसतात. नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण सौ.च्या प्रश्नाचे उत्तर असलेच तर ते त्या कातळावरच आहे.